आधी जातं, मग फोन : सातवीच्या वर्गातल्या ओव्यांचं प्रकरण

हे प्रकरण मी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तोंडी मांडलं होतं. तिथं वेळ कमी पडला आणि चर्चा ‘शाळेत मोबाइल हवा की नको’ या नेहमीच्या वळणावर गेली. माझा मुद्दा तो नव्हता. मोबाइल घरात आला आहे, मुलांच्या हातात आहे, आता तो परत जाणार नाही. मूल काहीतरी नवं करत असताना त्यानं फोन कोणत्या टप्प्यावर उचलावा, एवढंच मला सांगायचं होतं. म्हणून घडलं ते सविस्तर लिहिते आहे.

गाव आणि वर्ग

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत आहे. दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं होतं. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी ट्रॅक्टर-ट्रकवर संसार चढवून पश्चिम महाराष्ट्रातल्या, नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती परतत नाहीत. पूर्वी मुलंही सोबत जायची आणि त्यांची शाळा तिथंच तुटायची. आता हंगामी वसतिगृहाच्या आणि आजी-आजोबांच्या भरवशावर बरीच मुलं मागं राहतात. त्यामुळे माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत हिवाळाभर आजी चुलीपाशी असते, आई-बाप फोनवर असतात आणि तो फोन लावून देणारं मूल सातवीत असतं.

शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही आहे, एक टॅब आहे. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड मुलं माझ्यापेक्षा चपळाईनं उघडतात. तंत्रज्ञानाची टंचाई हे आमचं दुखणं नाही.

ओव्या आल्या, त्या फोनमध्ये

लोकगीतांचा पाठ चालू होता. घरी जाऊन आजीकडून जात्यावरची एक तरी ओवी घेऊन यायची, असा गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात ओव्यांचा ढीग लागला, आणि तो सगळा फोनमध्ये. मुलांनी आजीसमोर फोन धरला होता, लाल बटण दाबलं होतं, आजीनं गायलं होतं. काही रेकॉर्डिंगमध्ये मागं शेळ्या ओरडत होत्या, एकीत आजी मध्येच थांबून ‘झालं का रं?’ विचारत होती. आवाज मात्र एकेक असा की वर्गात कुणी हललं नाही.

नंतर मी एकेकाला विचारलं, तुझ्या आजीनं काय गायलं, सांग. मुलं फोन पुढं करायची. ‘ऐका की मॅडम, ह्यात आहे.’ मी म्हटलं, मला तुझ्या तोंडून हवं आहे. एका मुलीला पहिली ओळ अर्धी आठवली, बाकी कुणाला तीही नाही. ओवी कशावर होती हेसुद्धा पुष्कळांना सांगता आलं नाही. फोननं सगळं जपून ठेवलं होतं, म्हणून मुलांनी काहीच ठेवलं नव्हतं.

यात मुलांचा दोष नाही. गृहपाठ ‘ओवी आणा’ असा होता आणि त्यांनी ती आणली होती. पण ओवी आणणं आणि ओवी करणं यातलं अंतर त्या दिवशी वर्गात उघडं पडलं, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

रेकॉर्डिंगला कमी लेखावं असं मला अजिबात वाटत नाही. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आधी हातानं लिहून घेतल्या. पुढं बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकानं त्यातल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या संग्रहात एक लाख दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत आणि ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्यातल्या कित्येक गाणारीच्या नाव-गावासकट ऐकता येतात. आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. त्या मी वर्गाला ऐकवल्या. मुलांचा समज होता की ओवी म्हणजे विठोबा, माहेर आणि भाऊराया. संविधान लिहिणाऱ्या माणसावरही जात्यावर बसून गाता येतं, म्हणजे आपल्या काळावर गाता येतं, हे त्यांना तिथं कळलं. टेपरेकॉर्डर नसता तर आमच्या वर्गापर्यंत तो आवाज आला नसता.

आजीचं म्हणणं

मी दोन-तीन आज्यांकडे जाऊन बसले. जात्याबद्दल गहिवरून बोलतील अशी माझी अपेक्षा होती. एका आजींनी स्वच्छ सांगितलं :

‘बाई, गिरणी आली तवा देव पावल्यावानी झालं. रातीच्या तिसऱ्या पारी उठायचं, पायलीभर दळायचं, मंग पाणी, मंग शेत. हाताला फोड यायचे. तुमाला गाणं ग्वाड लागतंय, आमाला झोप ग्वाड लागायची.’

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत मुलांना वाचून दाखवलं. ओवीचं कौतुक करताना ते दळण कुणाच्या मनगटावर होतं, याचा विसर पडता कामा नये. विजेच्या गिरणीनं बायकांना दिलेली पहाटेची झोप ही मोठी गोष्ट आहे आणि ती परत काढून घ्यावी असं कुणी सुचवू नये.

पण त्याच आजींना मी विचारलं की ओव्या कधी सुचायच्या. त्या म्हणाल्या, ‘सुचायला काय, हात चालू असला की तोंड चालायचं. बसून कुठं सुचतंय?’ गिरणी आल्यावर? ‘मंग राहिलंच. आता लग्नात हळद दळाया बसतो तेवढंच.’

त्यांनी नवी ओवी रचली त्याला कित्येक वर्षं झाली होती. कष्ट गेले, ते जायलाच हवे होते. पण त्या कष्टांत अडकलेला एक रिकामा वेळही त्यांच्याबरोबर गेला. हात गुंतलेले, मन मोकळं, समोर दुसरी बाई ऐकायला बसलेली, आणि दळण सरेपर्यंत उठता येत नाही. या वेळेला कुणी नाव दिलं नव्हतं, म्हणून तो गेल्याची नोंदही झाली नाही. मुलांच्या दिवसातही आता असा वेळ उरलेला नाही. गुरं वळायला गेलेलं पोरसुद्धा बांधावर बसून रील बघतं.

बहिणाबाई चौधरींची आठवण इथं येतेच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचायच्या आणि मुलगा सोपानदेव व घरातले इतर लिहून घ्यायचे. त्या 1951 मध्ये गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं ती गाणी छापून आली. कागद आणि छापखाना हेही तंत्रज्ञानच. त्यानं ती गाणी घराघरात नेली. पण गाणं झालं होतं आधी, कामाच्या ओघात. कागद नंतर आला. आमच्या वर्गात हा क्रम उलटा झाला होता.

वर्गात जातं

एका घरी लग्नापुरतं काढायचं जातं होतं. ते आम्ही शाळेत आणलं. ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाल्यापासून शनिवारी सकाळी असं काही करायला जागा मिळते, तिचा उपयोग केला. व्हरांड्यात पोतं अंथरलं, त्यावर जातं मांडलं, सूपभर ज्वारी ठेवली. फोन सगळ्यांनी दप्तरात ठेवायचे, एवढा एकच नियम.

पहिल्या शनिवारी मुलांनी फक्त दळलं. समोरासमोर दोघांनी बसायचं, खुंट्याला दोघांनी हात घालायचा, एकानं मूठभर ज्वारीचा घास जात्याच्या तोंडात सोडायचा. मुलगे लांब उभे होते, बायकांचं काम म्हणून. त्यातल्या एकाला वाटलं की आपला हात दणकट आहे, आपण भरभर फिरवू. त्यानं जातं इतक्या जोरात ओढलं की ज्वारी भरडून निघाली, पीठ झालंच नाही. आमच्या एका विद्यार्थिनीची आजी बघत होती. ती म्हणाली, ‘घाई करू नगं, दगडाला त्याच्या चालीनं जाऊ दे.’ मग तो हळू झाला. दगडाची घरघर एका लयीत आली, खाली पांढरं पीठ पडायला लागलं, आणि कुणी न सांगता दोघी मुली गुणगुणायला लागल्या.

इथं मुलांच्या लक्षात एक गोष्ट आली, जी मला पुस्तकातून कधीच शिकवता आली नसती. ओवीत ‘ग’, ‘बाई’, ‘माझ्या’ असे शब्द इतक्यांदा का येतात? वाचताना ते भरताड वाटतात. दळताना कळतं की जात्याचा फेरा पुरा व्हायला एखादा स्वर कमी पडतो, तिथं ‘ग’ येऊन बसतो. आणि आजी पहिली ओळ दोनदा-तीनदा का म्हणते? कारण दुसरी ओळ अजून झालेली नसते. पहिली घोळवत असताना ती दुसरी शोधत असते. मुलांना हे सापडल्यावर वर्गाचा चेहराच बदलला. आजीला सगळं पाठ असतं, असं त्यांना वाटत होतं. ती तिथल्या तिथं करते आहे, आणि करायला लागणारा वेळ गाण्याच्या आतच ठेवला आहे, हे त्यांनी स्वतःच्या हातानं ओळखलं.

फोनमध्ये असा वेळ कुठंच नाही. तिथं प्रत्येक गोष्ट तयार होऊन समोर येते, आणि ती झाली कशी हे दिसत नाही.

पुढच्या शनिवारांपासून नियम ठेवला : पहिली ओळ कुणीही टाकायची, दुसरी येईपर्यंत जातं थांबवायचं नाही. बऱ्याच ओळी वाया गेल्या. यमक जुळवायच्या नादात काहीही म्हटलं गेलं, हसणं झालं. एक मुलगा कितीतरी वेळ नुसताच दळत राहिला. मग दणकट हातवाल्यानंच हे म्हटलं :

ट्रॅक्टरच्या मागं मागं धुरळ्याची वाट ग
बापाच्या ग डोईवर फडक्याची गाठ ग

यात काही मोठा अलंकार नाही. पण गाव सोडून जाणारा ट्रॅक्टर त्यानं मागं उभं राहून पाहिला आहे, हे दर शब्दातून कळतं. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीनं आजीकडं बघत केलेली :

गिरणीच्या पट्ट्याला विजेचं ग बळ
आजीच्या हाताला खुंट्याचे ग वळ

मी आजीचं म्हणणं वाचून दाखवलं होतं, ते तिच्यात असं उतरलं. निबंधात याच मुलीनं ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर पानभर ठरावीक वाक्यं लिहिली होती.

आणि वर्गात फारशी न बोलणारी एक मुलगी. तिचे आई-वडील सांगलीकडं उसाच्या फडावर होते. तिनं पहिली ओळ खूप वेळ घोळवली. समोरची मुलगी थांबली नाही, जातं चालू ठेवलं, हे तिचे उपकार.

कोयता घेऊन आई गेली फडावर लांब ग
फोनच्या ग काचेमंदी घडीभर थांब ग

आता फोन

यानंतर मी फोन बाहेर काढू दिले. या टप्प्यावर त्यांनी फार चांगलं काम केलं. मुलांनी आपापली ओवी रेकॉर्ड केली आणि ऐकली. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांना चुका माझ्याआधी कळल्या : इथं श्वास तुटतो, इथं शब्द गिळला, ‘थांब’ फार लवकर संपतं. पुन्हा म्हटलं, पुन्हा ऐकलं. वहीतल्या लाल शाईच्या खुणांनी जे होत नाही, ते इथं झालं. कारण दुरुस्ती करणाराही तेच आणि ऐकणाराही तेच. आजीची जुनी रेकॉर्डिंग्जही पुन्हा काढली. या वेळी मुलं ती वेगळ्या कानानं ऐकत होती. ‘मॅडम, आजीनं इथं दोनदा घोळवली, तिला सापडत नव्हतं वाटतं,’ असं एकानं दाखवून दिलं. त्याच फाइली, ज्या आणून दिल्या तेव्हा कुणालाही आठवत नव्हत्या.

फारशी न बोलणाऱ्या त्या मुलीनं आपली ओवी फडावरच्या आईला व्हॉट्सॲपवर पाठवली. हे मी सुचवलं नव्हतं. फडावर दिवसभर फोन बघायला सवड नसते. रात्री कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, आल्यावर आईनं ऐकली असणार. सकाळी उलट आवाज आला. मागं भांड्यांचा आवाज, कुणीतरी खोकतंय, आणि आई गाते आहे :

लेकीचा ग सांगावा आला कोपीच्या दारात
मोळीचं ग वझं आज हलकं झालं भारात

या बाईंनी जातं क्वचितच ओढलं असेल, त्यांच्या लहानपणीच गावात गिरणी आली होती. पण चाल कानात होती आणि लेकीनं पहिली ओवी टाकल्यावर दुसरी त्यांनी टाकली. जात्यावर समोर बसलेली बाई जे काम करते, ते इथं शेकडो किलोमीटरवरून फोननं करून दिलं. तंत्रज्ञानाचं याहून चांगलं काम माझ्या नोकरीत मी पाहिलेलं नाही.

प्रजासत्ताक दिनाला पाहुण्यांसमोर त्या मुलीची हीच ओवी म्हणावी, असं काहींनी सुचवलं. मुलगी नको म्हणाली. मग ट्रॅक्टरची ओवी म्हटली गेली. मुलानं आपल्या दुःखातून काही केलं तर ते कुणाला दाखवायचं, हा हक्क त्याचाच असतो. वर्गाचा ग्रुप आहे म्हणून त्यात ते टाकून देता येत नाही. एका आजींनीही सुरुवातीलाच बजावलं होतं, ‘माझा आवाज गावभर फिरवू नका.’ त्यांची फाइल आम्ही त्यांच्यासमोर पुसली. ज्यांनी परवानगी दिली त्यांची नावं ओवीसोबत लिहून ठेवली.

यंत्रानं केलेली ओवी

केंद्रातल्या एका शिक्षकमित्रानं विचारलं, एवढा खटाटोप कशाला, एआयला सांगितलं तर मिनिटात पन्नास ओव्या देतं. प्रश्न रास्त होता, म्हणून वर्गातच करून पाहिलं. टॅबवर लिहिलं : ऊसतोडीला गेलेल्या आईवर ओवी कर. आली. शुद्ध होती, यमक पक्कं होतं, ममतेची सावली होती, कष्टाची मूर्ती होती. मुलांना आधी आवडली. मग दोघी ती घेऊन जात्यावर बसल्या आणि जरा वेळानं एक म्हणाली, ‘मॅडम, ही दळता येईना.’ ओळी लांब होत्या, फेरा संपला तरी शब्द उरत होते, श्वास घ्यायला जागा नव्हती. त्यांनी ती तोडून, दोन-चार शब्द काढून, एक ‘ग’ घालून दळण्याजोगी केली. मग दुसरीनं विचारलं, ‘ह्यात कोपी कुठाय?’

हा निवाडा मुलांनी केला, आणि करू शकली कारण त्यांच्या स्वतःच्या ओव्या आधी झाल्या होत्या. टॅब पहिल्या शनिवारी काढला असता तर ती सफाईदार ओवीच नमुना ठरली असती आणि मुलांनी आपला ट्रॅक्टर, आपलं फडकं, आपली कोपी बाहेरच ठेवली असती. एआयला मी वर्गाबाहेर ठेवणार नाही. यमकाचे शब्द सुचवायला, दोन चालींची तुलना करायला मुलं आता ते वापरतात. त्याला काय विचारायचं आणि त्यातलं काय टाकून द्यायचं, हे त्यांना थोडं थोडं कळतं.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. वर्गातल्या काही मुलांना ओवी जमली नाही. त्यांचा हात चांगला चालतो, पण शब्द येत नाहीत. त्यांच्यासाठी चित्र, माती, ढोलकी असं काही समांतर लागेल. आकारिक मूल्यमापनात याचे गुण कुठं धरायचे, यावर मी तूर्त ‘तोंडी काम’ आणि ‘प्रकल्प’ अशी वाटणी केली आहे, पण जात्यावर नुसतं बसून दुसरीला वेळ देणाऱ्या त्या मुलीच्या कामाला रकाना नाही. तिच्यासाठी वर्णनात्मक नोंदीत चार ओळी लिहिल्या.

ज्यांना हे आपल्या शाळेत करायचं आहे त्यांनी जातं कुठलंही उचलून आणू नये, टाकी लावलेलं, म्हणजे दगड ठोकून खरखरीत केलेलं, आहे ना ते हात फिरवून बघावं. गुळगुळीत झालेल्या दगडात ज्वारी नुसती फिरते, पीठ पडत नाही आणि मुलं कंटाळतात. घास लहान घालायला शिकवावं. दोघांच्या जोड्या मुलांनाच ठरवू द्याव्यात. गावातली एखादी आजी पहिल्या दिवशी जवळ हवीच, तिच्याशी आदल्या दिवशी बोलून घ्यावं, आणि रेकॉर्डिंग करणार असाल तर तेही तेव्हाच विचारावं. फोन निदान पहिले दोन शनिवार दप्तरात राहू द्यावेत. आमच्याकडं पोरांनीच आठवण केली, ‘मॅडम, आता ऐकायला काढू का?’ तेव्हा काढले.